धावणाऱ्याचा विसावा : दोन मॅरेथॉन शर्यतींमधल्या काळाचा हिशेब

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरांची धाव. शर्यतीचा दिवस एकच असतो. त्या दिवसाचे वर्णन सगळेच करतात, छायाचित्रे निघतात, गळ्यात पदक पडते. परंतु एका शर्यतीपासून पुढच्या शर्यतीपर्यंत जे दहा-अकरा महिने जातात त्यांत काय करावयाचे, हे हौशी धावणाऱ्याला फारसे कोणी सांगत नाही. ह्या लेखात आम्हांला त्याच काळाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. आमचे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले. त्यामुळे कामाचे तास, पाळी आणि सुटी ह्या शब्दांतच हा विषय आम्हांला अधिक नीट उकलून सांगता येईल.

लांब पल्ल्याची धाव हा मोठ्या लोकांचा खेळ आहे असे कोणी समजू नये. हिंदुस्थानातर्फे मॅरेथॉन धावलेल्या पहिल्या मंडळींत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासभेत अनवाणी धावणारी शेतकरी मुले पाहून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला, आणि १९२० साली अँटवर्पला जो संघ गेला त्यात चौगुले गेले. तेथे त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत शर्यत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक हे तरुणपणी बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यात कामाला होते. त्यांनी १९५२ साली हेलसिंकीत ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती आठ दिवसांत जिंकल्या. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हेही जोड्यांच्याच कारखान्यातले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग ह्यांनी १९६० साली रोमला सुवर्णपदके मिळविली. लिडियार्ड ह्यांची शिकवण अशी की वर्षाचे भाग पाडावेत. आधी पुष्कळ दिवस सावकाश आणि लांब धावून पाया घालावा, मग चढावर कस लावावा, वेग शेवटी आणावा. बाराही महिने शर्यतीच्या वेगाने कोणी धावू शकत नाही.

आता शरीराचा कारभार पाहू. सर्वसाधारण हिशेब असा की एक किलोमीटर धावण्यास दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी लागते. साठ किलोच्या मनुष्यास ४२ किलोमीटरांना अडीच हजार कॅलरी लागल्या. स्नायूंत आणि यकृतात मिळून पिष्टाचा जो साठा असतो तो सुमारे पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरींचा. राहिलेले काम चरबी करते, पण ती सावकाश जळते. म्हणून तीस-बत्तीस किलोमीटरांच्या पुढे पुष्कळांचे पाय एकाएकी जड होतात. हा साठा भाकरी, भात, केळी पोटभर खाल्ल्याने एक-दोन दिवसांत पुन्हा भरतो. पण स्नायूंच्या तंतूंना जी बारीक इजा होते ती भरून यावयास एक-दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरावाने हृदय आणि फुप्फुसे थोड्या आठवड्यांत तयार होतात. टाचेमागची कंडरा आणि नडगीचे हाड ह्यांना मात्र महिने लागतात. छाती म्हणते धाव, आणि हाड म्हणते थांब. बहुतेक दुखापती ह्याच तफावतीत होतात.

येथे मुद्द्याची गोष्ट येते. सराव शरीराला मोडतो, आणि मोडलेले शरीर पूर्वीपेक्षा बळकट होऊन उभे राहते ते विसाव्यात. गाढ झोपेत दुरुस्तीचे काम जोरात चालते. मागाला तेलपाणी करावयाचे तर माग थांबवावा लागतो, हे सोलापुरात कोणाला सांगावयास नको. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखीसुद्धा पुण्यात दोन दिवस मुक्काम करते. शेकडो वर्षे चालणाऱ्या वारकऱ्याला मुक्काम हा वाटचालीचाच भाग आहे हे ठाऊक आहे. नव्या धावणाऱ्याला ते पटत नाही.

ते का पटत नाही, ह्याचे उत्तर आमच्या मते आपल्या मजुरीच्या पद्धतीत आहे. ह्या शहरात १८७७ साली जुनी गिरणी निघाली, मागून आणखी गिरण्या आल्या, आणि त्यांच्या भोंग्यावर शहर उठू-बसू लागले. त्या गिरण्या आज बंद आहेत. राहिले ते यंत्रमाग आणि विडीचे काम. यंत्रमागावर कापडाच्या मापावर मजुरी, विडीला हजारावर मजुरी. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे बुडाले. अशा हिशेबात वाढलेला मनुष्य धावावयास लागला की किलोमीटरही तसेच मोजतो. आज धावलो नाही, म्हणजे आज बुडाले! पण शरीर मापावर मजुरी देत नाही. भरपगारी सुटी दिली तरच ते काम करते. शर्यतीनंतर आठव्या दिवशी जोराने धावणारा तरुण आपल्याच शरीराकडून सुटीशिवाय काम घेतो, आणि असे काम घेणाऱ्या मालकाविषयी आमचे मत सर्वश्रुत आहे.

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. सरावाची जी तयार कोष्टके मिळतात ती बहुधा खुर्चीत बसून काम करणाऱ्यासाठी असतात. बारा तास मागापुढे उभे राहणाऱ्याचे, हमालाचे किंवा रात्रपाळीच्या पहारेकऱ्याचे पाय दिवसभर राबलेलेच असतात. त्याने तेच कोष्टक जसेच्या तसे घेतले तर त्याच्यावर दुप्पट ओझे पडते. म्हणून उभ्याने केलेले काम हेही सरावाच्या हिशेबात धरावे. ज्या आठवड्यात जादा पाळी झाली त्या आठवड्यात धाव कमी करावी. रात्रपाळी संपवून थेट लांब धावेला जाऊ नये. आधी झोप, मग धाव. घरी विड्या वळून स्वयंपाक, पाणी आणि मुले सांभाळणाऱ्या बाईला तर सुटीचा दिवसच नसतो. ऑलिंपिकमध्येही बायकांसाठी मॅरेथॉन ठेवावयास १९८४ साल उजाडावे लागले. शेजारच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर ह्यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, २०१३ आणि २०१४ अशी तीन वर्षे पहिला क्रमांक मिळविला, हे आपल्या भागातल्या मुलींनी ध्यानात ठेवावे. पण घरातल्या पुरुषांनी कामाचा वाटा उचलल्याशिवाय बाईच्या सरावाला वेळ आणि विसाव्याला जागा मिळणार नाही. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. धावणाऱ्या स्त्रीने वर्षातून एकदा तरी रक्त तपासून घ्यावे. दम लागतो तो नेहमीच सरावाच्या कमतरतेने लागतो असे नाही.

आता वर्षाची आखणी सांगतो. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि ती बहुधा जानेवारीत भरते, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याचेच दिवस. ती धावून आल्यावर पहिला आठवडा धावू नये. चालावे, खावे, झोपावे. दुसऱ्या आठवड्यात वाटल्यास अर्धा तास हलके धावावे. महिनाभर वेगाचे नाव काढू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्यातून तीन-चार दिवस सावकाश धाव, आणि जोडीला तालमीतल्या बैठका व पायरीवर उभे राहून टाचा वर-खाली करणे. गुडघा आणि पोटरी ह्यांना ह्याच्याइतके स्वस्त औषध नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत उजाडण्यापूर्वी धावून घ्यावे आणि पल्ला कमी ठेवावा. पावसाळ्यात पल्ला हळूहळू वाढवावा. सप्टेंबरपासून सोळा आठवड्यांची खरी तयारी धरावी. तीन आठवडे थोडे थोडे वाढवावे, चौथ्या आठवड्यात उतरावे. एका आठवड्यात दहा टक्क्यांहून फार अधिक वाढवू नये. रविवारची लांब धाव अठरापासून तीस किलोमीटरपर्यंत न्यावी. बहुतेक धाव अशा वेगाने व्हावी की शेजाऱ्याशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. शर्यतीपूर्वी दोन-तीन आठवडे पल्ला उतरवीत न्यावा. नंदीध्वज पेलणारी मंडळीही यात्रेपूर्वी सराव करतात, पण आदल्या रात्री कोणी तो खांद्यावर घेऊन जागत नाही.

उन्हाविषयी दोन शब्द. अंगाला उन्हाची सवय व्हावयास दहा ते चौदा दिवस लागतात. आपल्याकडचे ऊन कोरडे. घाम आला तसा उडून जातो आणि किती गेला हे कळत नाही. मुंबईची हवा दमट. तेथे घाम अंगावरच राहतो आणि अंग थंड होत नाही. म्हणून सोलापूरकराने तेथे पहिले दहा किलोमीटर मुद्दाम सावकाश धावावे. घाम किती जातो हे काढण्याची युक्ती सोपी आहे. धावण्यापूर्वी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करावे. एक किलो घटले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले. तहान लागेल तसे प्यावे. मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत उत्तम. मात्र नुसते पाणी भाराभर पिणे हेही घातक आहे. रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडतो. धावताना कोणी बरळू लागला किंवा झोकांड्या देऊ लागला तर तो उष्माघात समजावा, सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. वेदनाशामक गोळी घेऊन लांब धाव करू नये. पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला अपाय करते. चाळिशी उलटलेल्यांनी आरंभीच हृदयाची तपासणी करावी.

सरंजामाबद्दल बाजारात फार गलका आहे. इथिओपियाचे अबेबे बिकिला १९६० साली रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकले आणि १९६४ साली टोकियोची बूट घालून जिंकले. तेव्हा पायातल्या वस्तूला किती मान द्यावयाचा हे ज्याचे त्याने ठरवावे. तरीही डांबरी रस्त्यावर धावावयास धावण्याचाच बूट हवा. तो संध्याकाळी घ्यावा, कारण तेव्हा पाऊल थोडे सुजलेले असते. पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की तळाचा मऊपणा जातो. वरून बूट चांगला दिसला तरी तो कामावर जाण्यासाठी ठेवावा. कार्बनची पट्टी घातलेले बूट वीस हजारांच्या पुढे जातात. ते शर्यतीत काही मिनिटे वाचवितात खरे, पण सरावाचा पाया घालीत नाहीत. महिन्याची कमाई त्यात घालण्याचे कारण नाही. मोजे सुती नकोत. ते घामाने भिजून फोड आणतात. काखेत आणि मांड्यांत खोबरेल तेल लावावे. एक टोपी आणि साधे घड्याळ पुरे. अंग पुसावयास सोलापुरी टॉवेल घरात आहेच. नवी कोणतीही वस्तू शर्यतीच्या दिवशी प्रथम वापरू नये.

शरीर सूचना देते, ती ऐकावी. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजावी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके अधिक असली तर त्या दिवशी धावू नये. अंथरुणातून उतरताना पहिल्याच पावलाला टाच दुखली, किंवा नडगीवर एकाच जागी बोट ठेवताच कळ आली, तर धाव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाडाला केसासारखी चीर गेली असली तर सहा-आठ आठवडे जातात. हातावर पोट असणाऱ्याचा तेवढा काळ कामही बुडते. हौसेची किंमत घरातल्या धान्याने चुकवावी लागू नये, म्हणूनच हा सगळा प्रपंच आम्ही मांडला.

आज हौशी मंडळी ज्या रविवारी धावतात तो रविवार आकाशातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली. १८९० च्या एप्रिलमधल्या मोठ्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरविले. कायद्याने मिळालेली सुटी अजून अनेक छोट्या कारखान्यांत पोहोचलेली नाही. जेथे ती नाही तेथे संघटनेने ती मागावी, आणि जेथे आहे तेथे धावणाऱ्याने ती संपूर्ण घामात घालवू नये.

एवढे एक काम प्रत्येकाने करावे. एक वही घ्यावी आणि रोज तीन आकडे लिहावेत : किती किलोमीटर धावलो, किती तास उभ्याने काम केले, किती तास झोपलो. पहिले दोन आकडे वाढत असताना तिसरा घटत असेल तर त्या आठवड्यात धाव कमी करावी. पुढल्या जानेवारीत मुंबईच्या पेडर रोडचा चढ पायांखाली येईल तेव्हा ह्या वहीतला तिसरा रकाना उपयोगी पडेल.