मुठीच्या बाटलीची कुळकथा

गेल्या संक्रांतीस आमच्या कामरगांवच्या घरीं तिळाच्या वड्यांसाठीं पाक चालला असतां नातीनें विचारलें, "आजोबा, पाण्याच्या बाटलीच्या बुडाशीं मधोमध एक टिंब आहे, या मुठीच्या पारदर्शक बाटलीच्या बुडाशीं मात्र आडवी रेघ आहे. असें कां?" जन्मभर व्याकरण शिकविलेल्या मास्तरास हा प्रश्न अवघडच होता, पण त्याचें उत्तर चुलीवरच्या पाकांतच सांपडलें, म्हणून हा लेखप्रपंच.

फुंकून बाटली करण्याची विद्या महाराष्ट्रास नवी नाहीं. लोकांकडून पैसा पैसा जमवून उभारलेल्या फंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचकारखाना निघाला. कांचेचा तप्त रस नळीच्या टोंकावर घेऊन फुंकावयाचा, ही त्या धंद्याची मूळ रीत. आज कांचेच्या जागीं पॉलिएस्टरची राळ आली आहे. ती १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन या रसायनज्ञांनीं धाग्यासाठीं शोधली. तिच्या बाटलीचें पेटंट १९७३ सालीं अमेरिकेंत नॅथॅनिएल वायेथ यांस मिळालें.

पाण्याची बाटली दोन पायऱ्यांनीं होते. प्रथम सांच्यांत रस दाबून जाड परीक्षानळीसारखा कोंभ करितात. रस शिरला त्या जागेची खूण म्हणजे तें टिंब. मग कोंभ पुनः तापवून, आंतून दांडीनें ताणून, हवेनें फुगवितात. बाटली पातळ पण बळकट होते. परंतु या रीतीनें पोकळ मूठ निघत नाहीं. मुठीसाठीं रसाची पोकळ नळी यंत्राच्या मुखांतून खालीं लोंबूं द्यावी लागते. सांच्याचीं दोन शकलें तिला दोहों बाजूंनीं कवटाळितात, बूड चिमटतात, आणि हवा आंत सोडतात. त्या चिमट्याची खूण म्हणजे ती रेघ.

अडचण येथेंच आहे. साधें पॉलिएस्टर सुमारें २५० अंशांवर वितळतें, आणि तो रस कच्च्या पाकासारखा पातळ. नळी स्वतःच्याच भारानें ओघळते. दाण्यांत ओल राहिली तर रेणूंच्या सांखळ्या तुटून तो अधिकच पातळ होतो; म्हणून दाणे आधीं कडक वाळवितात. तेवढ्यानेंहि भागत नाहीं. सांखळ्या लांबवून वा त्यांस फांद्या फोडून रस दोनतारी पाकासारखा दाट करावा लागतो. नाहींतर पीईटीजी नांवाचें त्याचें भावंड वापरावें लागतें.

हें भावंड दिसावयास तसेंच निर्मळ; पण पुढें घात करितें. जुन्या बाटल्यांचे तुकडे पुनर्वापरासाठीं वाळवितांना पीईटीजी आधीं मऊ होऊन चिकटतें आणि त्याचे इतरांसह गोळे बनतात. म्हणून सरसकट भंगाराचा ढीग येथें चालत नाहीं. कॅलिफोर्निया राज्यानें २०१७ सालीं कायदा करून अशा मालास '१' हा अंक लावण्यास मनाई केली. दाट केलेलें खरें पॉलिएस्टरहि मुठीच्या बाटल्यांसाठीं निघालें, आणि हा दोष निवारतां येऊं लागला.

गृहिणींनीं दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. दोन्ही जातींच्या बाटल्या उष्णतेनें आकार सोडतात. सबब त्यांत कढत तूप वा तेल ओतूं नये. आणि भंगारवाल्यास देण्यापूर्वीं बाटली उलटी करून बुडाचा अंक व खूण पाहावी, ती धुवावी, व निरनिराळ्या जाती वेगळ्या ठेवाव्या. धान्य निवडणाऱ्या घरास हें जड नाहीं. एक खडा दांताखालीं आला म्हणजे सारा भात बेचव होतो, हें नातीस सांगावें लागलें नाहीं.