मोशन डिटेक्टरला माणूस दिसत नाही

भिंतीच्या कोपऱ्यात बसवलेला मोशन डिटेक्टर खोलीभर अदृश्य किरण सोडतो आणि आत शिरणाऱ्या माणसाला ‘पाहतो’, अशी समजूत सर्रास आढळते. तिच्यामुळेच तो चुकीच्या जागी बसवला जातो आणि नंतर यंत्राला दोष दिला जातो. घरांत सर्वाधिक वापरला जाणारा पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड डिटेक्टर, काहीच सोडत नाही. त्यामुळे त्याच्या किरणांनी मुलांना अपाय होईल ही भीतीही निराधार आहे. माणसाच्या त्वचेतून सतत इन्फ्रारेड प्रारण बाहेर पडतं, ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त. ते टिपायला आत पायरोइलेक्ट्रिक (उष्णता बदलली की विद्युत संकेत देणाऱ्या) पदार्थाचे दोन तुकडे उलट्या ध्रुवांनी जोडलेले असतात. दोन्हींवर सारखीच उष्णता पडली तर त्यांचे संकेत एकमेकांना रद्द करतात, म्हणून दुपारी खोली हळूहळू तापली तरी भोंगा वाजत नाही. पुढचं दुधी प्लास्टिक हे फ्रेनेल भिंग असतं. ते खोलीचे अनेक पट्टे पाडतं, आणि उबदार देह एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की दोन तुकड्यांमध्ये क्षणभर फरक पडतो. यंत्राला कळतो तो एवढा फरक.

हे ध्यानात घेतलं की पुढच्या गोष्टी आपोआप उलगडतात. डिटेक्टर दाराच्या अगदी समोर लावावा असं वाटणं साहजिक आहे, पण सरळ त्याच्या दिशेने चालत येणारा माणूस पट्टे फारसे ओलांडत नाही. आडवा जाणारा भराभर ओलांडतो. म्हणून येणाऱ्याची वाट आडवी कापली जाईल असा कोपरा बरा. खिडकीच्या आतून अंगणावर नजर ठेवण्याचा बेतही फसतो, कारण साधी काच इतक्या लांब तरंगलांबीचं प्रारण अडवते. उलट काचेतून येऊन फरशीवर पडणारा उन्हाचा कवडसा, एसीचा झोत किंवा भिंगावरून सरपटणारी पाल खोटी हाकाटी उठवू शकते. ‘पेट इम्यून’, म्हणजे पाळीव प्राण्यांकडे दुर्लक्ष करणारा, डिटेक्टर कुत्र्याचं वजन ओळखतो, हाही गैरसमजच. खोक्यावर किलो छापलेले असले तरी तो भिंगाची रचना आणि संकेताचा आकार यांवरच अवलंबून असतो. मांजर कपाटावर चढून डिटेक्टरच्या उंचीला आली की ही सवलत संपते.

सगळे इन्फ्रारेड डिटेक्टर असेच असतात, असं मात्र नाही. कुंपणावरचे बीम डिटेक्टर खरोखर किरण सोडतात. एका खांबावरून निघालेला किरण समोरच्या खांबावरच्या ग्राहकापर्यंत पोहोचेनासा झाला की इशारा मिळतो, मग अडवणारी वस्तू गरम असो वा थंड. हा किरण म्हणजे जवळचं इन्फ्रारेड, १ मायक्रोमीटरहूनही कमी तरंगलांबीचं. सीसीटीव्हीच्या रात्रीच्या दिव्यांचा प्रकाशही त्याच जातीचा, पण त्या दिव्यांचं काम कॅमेऱ्याला उजेड पुरवण्याचं; हालचाल ओळखण्याचं नव्हे.

पीआयआर इतका मर्यादित असेल तर सरळ महागडा ‘ड्युअल’ का घेऊ नये, असा आक्षेप येतो. त्यात पीआयआरच्या जोडीला मायक्रोवेव्ह सेन्सर असतो आणि सहसा दोघांनीही होकार दिला तरच भोंगा वाजतो. खोट्या हाकाट्या त्यामुळे नक्की कमी होतात. पण दोघांचा होकार लागतो याचा अर्थ एकजण चुकला तरी चोर सुटतो. विदर्भातल्या मे महिन्यात भिंती त्वचेइतक्याच तापतात, तेव्हा माणूस आणि पार्श्वभूमी यांतला फरकच पुसट होतो. चांगल्या उपकरणांत तापमानानुसार संवेदनक्षमता वाढवण्याची सोय असते, पण नसलेला फरक ती निर्माण करू शकत नाही. त्या तासांत ड्युअलमधला पीआयआर गप्प राहिला तर मायक्रोवेव्हने कितीही हालचाल टिपली तरी भोंगा वाजणार नाही. म्हणून उन्हाळ्यात रिकामं राहणाऱ्या घराच्या दारा-खिडक्यांवर चुंबकी संपर्क स्वीच लावणं मला जास्त भरवशाचं वाटतं: दार उघडलं की चुंबक दूर जातो आणि संकेत मिळतो, खोली कितीही तापलेली असली तरी. आणि पीआयआर बसवलेलाच असेल तर त्याची वॉक टेस्ट (खोलीत चालून घेतलेली चाचणी) पहाटेच्या गारव्यात न करता भर दुपारी, पंखे-एसी बंद ठेवून करावी.