दबाई म्हणजे नुसता रोलर नव्हे

वडिवळ्याला कुंडली नदीवर आहे तसल्या मातीच्या धरणाच्या भरावावर नवा साइट इंजिनिअर रुजू झाला, की दबाईशी (मातीच्या कणांमधली हवा दाबून काढणे) त्याची लवकरच गाठ पडते. माती कोरडी आणि रोलर जड असला की भराव पक्का, असा अनेकांचा समज असतो. पण तो चुकीचा आहे.

रव्याचा लाडू वळताना पाहा. मिश्रण कोरडे असेल तर लाडू फुटतो, सैल झाले तर बसतो. मातीचेही तसेच. पाण्यामुळे कण एकमेकांवर सरकून घट्ट बसतात. पाणी जास्त झाले की तेच जागा अडवते. नेमका ओलावा सांगते प्रॉक्टर चाचणी. ती १९३३ मध्ये अमेरिकेत धरणांच्या कामातूनच पुढे आली. आपल्याकडे साच्यात मातीचे ३ थर घालून प्रत्येकाला २.६ किलोच्या हातोड्याचे २५ ठोके देतात.

दबाई आणि ओलावा साधला का हे पाहायला साइटवर कोअर कटर (दोन्ही तोंडे उघडी असलेली पोलादी नळी) थरात ठोकून नमुना घ्यायचा, तोलायचा, सुकवून पुन्हा तोलायचा. कंटाळवाणे काम, पण टाळू नये असे. ओलावा बिघडायला इथे मावळात पावसाची एक जोरदार सर पुरते. मग रोलरखालची माती रबरासारखी हलते. तेव्हा फेऱ्या वाढवून उपयोग नाही. थर उकरून सुकू द्यायचा.