तिसरी डबी कुठे गेली?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता मिळतो. बाजाराला जाता-येता तो चौक तुम्ही पाहिला असेलच. त्याच भागात आमच्या बहिणीने मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड थाटले आहे. सगळ्या खोल्यांत नेट पोचावे म्हणून एक मुख्य राउटर आणि वाय-फायच्या दोन जादा डब्या, म्हणजे अॅक्सेस पॉइंट, बसवले. हळूहळू पासवर्ड निम्म्या गल्लीला पाठ झाला! आपल्या नावाच्या जोडणीवरून परक्याने काही भलते केले, तर पहिली विचारणा आपल्याकडेच होणार. म्हणून पासवर्ड बदलायला बसलो. दोन ठिकाणी बदलला, पण तिसऱ्या डबीचे पान काही केल्या उघडेना. नेट मात्र तिच्यावरून झकास चालू.

भाचा म्हणाला, "मामा, नवीच आणू." मी म्हटले, थांब जरा.

यातली गोम अशी. डबी नेट फक्त पुढे ढकलते, त्याला तिचा स्वतःचा पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो तिच्याशी बोलायला. आमचा राउटर १९२.१६८.१ या आळीतला, तर डबीला कारखान्यातून १९२.१६८.०.१ हा पत्ता मिळालेला. आळीच वेगळी, मग पोस्टमन पोचणार कसा? राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. तिथे डबीच्या बुडाशी छापलेला बारा अक्षरांचा मॅक क्रमांक जुळवून पाहावा. आमची डबी त्या यादीतही नव्हती.

आधी ती आहे कुठे? बसवणारा मुलगा केव्हाच खोली सोडून गेलेला. मोबाइलवर वाय-फायचा जोर मोजणारे अॅप घेतले आणि घरभर फिरलो. आकडे उणे असतात, हे ध्यानात ठेवा. उणे ८० म्हणजे लांब, उणे ४० म्हणजे अगदी जवळ. माळ्यावर पिठाच्या डब्यामागे सापडली! (गावाकडे शेडात शोधाल, तर पत्रा आणि पावसाने भिजलेला पाला हा जोर खातात, तेव्हा एका आकड्यावर विसंबू नका.)

मग डबी राउटरपासून सोडवून वायरने थेट संगणकाला जोडली. संगणकाला हाताने १९२.१६८.०.१० हा पत्ता दिला, जाळीचा आकडा २५५.२५५.२५५.०. ब्राउझरमध्ये डबीचा पत्ता टाकताच पान उघडले. तिला आमच्या आळीतला मोकळा पत्ता दिला आणि पासवर्ड बदलला.

एवढ्यानेही भागले नाही, तर रिसेटच्या भोकात टाचणी दहा सेकंद दाबून धरावी. पण त्याने आतली सगळी जुळणी पुसली जाते आणि कित्येक डब्या पुन्हा स्वतःच पत्ते वाटू लागतात. एका घरात पत्ते वाटणारे दोन झाले की गोंधळच! ते वाटप, म्हणजे डीएचसीपी, बंद करायला विसरू नका.

नवा पत्ता बहिणीने शाईने डबीवरच लिहून ठेवला. संध्याकाळी शेजारचा पोरगा दारात उभा, "काकू, तुमचं नेट बंद पडलं का हो?"