सुका कचरा वेगळा केला, पुढे काय?

कल्याणच्या आधारवाडी डम्पिंग ग्राउंडवरच्या आगींचा धूर ज्यांनी वर्षानुवर्षे सोसला, त्यांना कचऱ्याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. महापालिकेने २०२० मध्ये शून्य कचरा मोहीम सुरू केली आणि २०२१ मध्ये आधारवाडीत कचरा टाकणं थांबलं. ठाण्याचं दिवा डम्पिंग २०२३ मध्ये बंद झालं, तेव्हा कचरा भंडार्लीला जाऊ लागला आणि तिथल्या गावकऱ्यांना तो नको होता. म्हणजे कचऱ्याची जागा बदलली, कचरा तेवढाच राहिला.

गैरसमज : वेगळा केला तरी पुढे सगळं एकत्रच होतं.

वस्तुस्थिती : कुठे कुठे होतंही, आणि त्याचा राग येणं रास्तच आहे. पण वर्गीकरणाचा मोठा फायदा त्याआधीच मिळतो. आमटी सांडलेल्या पुठ्ठ्याला भंगारात भाव नाही, कोरड्याला आहे. शिवाय ढिगाखाली हवा न मिळता कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो. डम्पिंगच्या आगी भडकतात त्या त्याच्यामुळे. सोसायटीतच खत केलं, तर हे टळतं.

गैरसमज : रिसायकलिंगने पर्यावरणाचं काहीच बिघडत नाही.

वस्तुस्थिती : वस्तूगणिक उत्तर वेगळं. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवं करताना खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. काच पुन्हा पुन्हा वितळवता येते. कागदाचे तंतू मात्र दर फेरीत आखूड होतात. प्लास्टिकचं गणित सर्वांत कच्चं : ते धुवायला पाणी लागतं, त्या पाण्यात सूक्ष्म कण उतरतात आणि मालाचा दर्जा घसरतो. पाण्याच्या बाटलीची बहुतेकदा बाटली होत नाही, पॉलिस्टरचा धागा होतो. २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लास्टिक कचरा झाला, त्यातला जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला होता. म्हणून प्लास्टिक मुळात कमी घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं.

गैरसमज : त्रिकोणी बाणांची खूण असली की वस्तू रिसायकल होते.

वस्तुस्थिती : त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. वेफर्सचं पाकीट आतून चकचकीत दिसतं, कारण प्लास्टिकला धातूचा पातळ थर चिकटवलेला असतो. हे थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. दुधाची पिशवी मात्र तो घेतो. फक्त कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकू द्या. सुटलेला इवलासा तुकडा वेचायला कुणीच वाकत नाही आणि तो थेट गटारात जातो.