विरणारा सूर जपताना

श्रोतेहो, जात्यावरच्या ओव्या म्हणणारी एखादी आजी तुमच्या गावात अजून असेल. गुरुजी, शाळेतर्फे तिचा आवाज मुद्रित करून ठेवलात, तर मोठेच काम होईल. पण मुद्रण झाले म्हणजे सारे संपले, असे नव्हे. सीडी तयार करताना चूक झाली, तर ओवीच्या शेवटी विरत जाणारा सूर खरखरीत होतो. ती चूक कशी टाळावी, एवढेच आज पाहू.

आजची यंत्रे आवाज आकड्यांत लिहून ठेवतात. चांगले यंत्र ध्वनिलहरीची उंची 24 बिटांत मोजते. म्हणजे मोजपट्टीवर 1 कोटी 67 लाखांहून अधिक खुणा. सीडीची पट्टी 16 बिटांची. तिच्यावर खुणा फक्त 65,536. तेव्हा मधले बारीक आकडे कोणत्या तरी खुणेवर बसवावे लागतात. आवाज मोठा असताना हा फरक कळत नाही. पण सूर विरू लागला, की त्याच्या वाट्याला दोन-चार खुणाच उरतात. गुळगुळीत लाटेच्या पायऱ्या होतात आणि कानाला खरखर लागते. फारच बारीक सूर तर पुसलाच जातो.

यावर उपाय काय? असे समजा, दुधाचे रोजचे 10 रुपये 40 पैसे होतात आणि सुटे पैसे कोणाजवळच नाहीत. गवळ्याने रोज 10 रुपयेच घेतले, तर 40 पैसे कायमचे बुडाले. त्याऐवजी डब्यात 100 चिठ्ठ्या टाका. 60 चिठ्ठ्यांवर दहा लिहा, 40 वर अकरा. रोज एक चिठ्ठी काढा, तेवढे द्या आणि चिठ्ठी परत टाका. एखाद्या दिवसाचा हिशेब चुकेल, पण वर्षाची सरासरी 10 रुपये 40 पैशांच्या जवळ येईल. आवाजातल्या या युक्तीला डिदर म्हणतात. आकडे खुणेवर बसवण्याआधी त्यांत अगदी सूक्ष्म, अनियमित खस्स मिसळायची. मग खरखर जाते, आणि पावसाच्या संततधारेतूनही शेजारणीची हाक ऐकू यावी, तसा बारीक सूर त्या खस्समधून ऐकू येतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या व्हॅन्डरकॉय आणि लिपशिट्झ यांनी 1984 साली हे गणिताने व प्रयोगाने मांडले.

आता निवड कशी करायची? ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेक्टँगल, ट्रँगल आणि शेप्ड असे प्रकार दिसतील. रेक्टँगलमध्ये खस्स सुराबरोबर कमीजास्त होते, तो सोडा. ट्रँगलमध्ये ती एकसारखी राहते. शेप्डमध्ये ती कानाला कमी जाणवणाऱ्या उंच स्वरांकडे ढकललेली असते. सीडीनंतर त्या आवाजावर काहीच करायचे नसेल, तर शेप्ड घ्यावा. शंका असेल, तर ट्रँगल घ्यावा. तो दगा देत नाही. मात्र डिदर एकदाच आणि सर्वांत शेवटी. आवाज कमीजास्त करणे, शेवट हळू करणे ही कामे आधी उरकावीत.

सीडी लिहिताना ‘डिस्क-ॲट-वन्स’ निवडा. त्यात सबंध तबकडी एका दमात लिहिली जाते. ‘ट्रॅक-ॲट-वन्स’मध्ये लेझर प्रत्येक गाण्यानंतर थांबतो, आणि सलग चाललेल्या ओव्यांत मध्येच खंड पडतो. सॉफ्टवेअर ‘आवाज समान करू का?’ असे विचारील, नको म्हणा. तसे केले, की आकडे पुन्हा बदलतात आणि आधीचे डिदर वाया जाते. लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय चालवा आणि तबकडी दुसऱ्या यंत्रावर ऐका.

शेवटची गोष्ट विसरू नका. सीडी ही वाटायची प्रत; मूळ ठेवा म्हणजे 24 बिटांची फाइल. ती दोन निरनिराळ्या ठिकाणी जपा. सीडी बिघडली, तर दुसरी करता येईल. आजीला मात्र तीच ओवी पुन्हा म्हणायला सांगण्याची वेळ आपल्याला मिळेलच, असे नाही.