मोटरपाशी पोहोचणारा सिग्नल

लहान सीएनसी राउटरमधली स्टेपर मोटर हुकमाची ताबेदार असते. कंट्रोलर विजेचा एक पल्स पाठवतो, ड्रायव्हर मोटरच्या दोन कॉइलमधला प्रवाह एका पायरीने बदलतो आणि मोटर तेवढीच फिरते. दिशा सांगणारी तार वेगळी असते. मोटर खरोखर किती फिरली, हे कंट्रोलरला परत कोणी कळवत नाही. वाटेत पल्स हरवला तरी पडद्यावरचा आकडा पुढे जातो आणि लाकडावरची नक्षी चुकते.

असा दोष कोण शोधणार, हे जागेवर अवलंबून असते. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके आले. सौंसरजवळच्या बोरगावात रेमंडची १९९१ पासूनची गिरणी आहे. एवढ्या मोठ्या कारखान्याला देखभालीची माणसे असतात. सागवानी दार किंवा नामफलक कोरणाऱ्या लहान यंत्राच्या मालकाला मात्र दोष स्वतःच शोधावा लागतो, आणि हवा तो ड्रायव्हर गावात मिळाला नाही की नागपूर गाठावे लागते. म्हणून भाग बदलण्याआधी सिग्नल मोजणे या भागात फार मोलाचे आहे.

नेहमीच्या मोटरची एक पायरी १.८ अंशांची, म्हणजे एका फेऱ्यात २०० पायऱ्या. ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर ठेवला, म्हणजे एका पायरीचे १६ भाग केले, तर फेऱ्याला ३,२०० पल्स लागतात. स्क्रू एका फेऱ्यात अक्ष ५ मिलिमीटर सरकवत असेल तर दर मिलिमीटरला ६४० पल्स झाले. कंट्रोलरमधला आकडा आणि ड्रायव्हरवरचे स्विच जुळत नसतील तर माप ठरावीक पटीत चुकते. दुप्पट किंवा निम्मे. हा दोष सर्वांत सोपा.

मोटर नुसती गुणगुणते, थरथरते, पण फिरत नाही, तेव्हा बहुधा कॉइलच्या जोड्या चुकलेल्या असतात. वीज बंद करून मल्टिमीटरने कोणत्या दोन तारांत रोध मिळतो ते पाहावे. चालू ड्रायव्हरवरून मोटरची तार कधीही काढू नये, ड्रायव्हर जळू शकतो.

मोटर अजिबात हलत नसेल तर आधी एनेबलची, म्हणजे ड्रायव्हर चालू-बंद ठेवणारी, तार सोडवून पाहावी. टीबी६६००सारख्या ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे नेणारा भाग) असलेल्या ड्रायव्हरमध्ये एनेबलला प्रवाह मिळाला की मोटर मोकळी सुटते. त्यानंतर दिशेच्या पिनवर मीटर लावावा. तिथे ० किंवा ५ व्होल्ट स्थिर दिसतात, त्यामुळे निकाल लगेच मिळतो. पल्सचे तसे नाही. आर्डुइनो बोर्डावर चालणाऱ्या जीआरबीएल या कंट्रोलर सॉफ्टवेअरचा पल्स मुळात १० मायक्रोसेकंदांचा असतो. वर सांगितलेल्या यंत्रात मिनिटाला ६०० मिलिमीटर वेग असेल तर सेकंदाला ६,४०० पल्स जातात, आणि मीटर सरासरी जेमतेम ०.३२ व्होल्ट दाखवतो. सिग्नलच नाही असे समजून चांगला बोर्ड टाकून देण्याची चूक इथेच होते. ऑसिलोस्कोप किंवा स्वस्तातला लॉजिक अॅनालायझर पल्स खरा दाखवतो. तोही नसेल तर वीज बंद करून एक्स आणि वाय यांच्या सिग्नलच्या तारा ड्रायव्हरपाशी अदलाबदल कराव्यात. दोष दुसऱ्या अक्षावर गेला तर तो कंट्रोलर किंवा तारेत आहे; जागीच राहिला तर ड्रायव्हर, मोटर किंवा स्क्रूमध्ये.

सर्वांत फसवा दोष म्हणजे हळूहळू सरकणारे काम. छोटी रेघ बरोबर येते, लांबलचक नक्षी मात्र एकाच बाजूला तिरकी होत जाते. जीआरबीएल दिशा बदलतो आणि जवळपास त्याच क्षणी पल्स सुरू करतो. ए४९८८ या ड्रायव्हर चिपला दिशा ०.२ मायक्रोसेकंद आधी मिळाली तरी पुरते. डीएम५४२ या ड्रायव्हरला ५ मायक्रोसेकंद हवे असतात. त्यात संथ ऑप्टोकपलर चालू होताना लवकर आणि बंद होताना उशिरा वागतो, म्हणून दोनपैकी एकाच वळणावर पहिला पल्स जुन्या दिशेने जातो. दर जाण्यायेण्याला दोन मायक्रोस्टेपची चूक साचते. ६४०च्या हिशेबाने ३२० खेपांत ती पूर्ण एक मिलिमीटर होते. मोटर किंवा स्क्रू बदलून हे थांबत नाही. ड्रायव्हरच्या सिग्नलची वजा टोके एकत्र जोडलेल्या यंत्रात जीआरबीएलची $२ ही सेटिंग ० वरून ७ केली की तिन्ही अक्षांचे पल्स उलटतात, ड्रायव्हर पल्सच्या शेवटच्या कडेला पाऊल टाकतो आणि दिशेला १० मायक्रोसेकंद मिळतात. अधिक टोके एकत्र जोडली असतील तर ० वरच हे साधलेले असते.

चूक कधी इकडे तर कधी तिकडे होत असेल तर कारण वेगळे: कमी प्रवाह, फार जास्त त्वरण, सैल कपलिंग किंवा स्पिंडलच्या तारेतून येणारा गोंगाट. सिग्नलच्या तारा स्पिंडलच्या तारेपासून दूर न्याव्यात, शील्डची तार एकाच टोकाला अर्थ करावी आणि वेग निम्मा करून तेच काम पुन्हा चालवावे. निम्म्या वेगाला चूक थांबली तर सिग्नलची जोडणी तशीच ठेवावी. आधी त्वरण कमी करावे आणि मग ड्रायव्हरचा प्रवाह मोटरवर छापलेल्या मर्यादेपर्यंत वाढवून पाहावा.